पाऊण इंच गळा

डॉक्टरांनी सांगितलेले सगळेच्या सगळे पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. डोंबिवलीत त्यांचे आणि आमचे बिऱ्हाड एकाच ओसरीवर होते. ठाकुर्लीच्या वीजघरात दर अर्ध्या तासाने काटे बघून आकडे लिहायचे, ही त्यांची नोकरी. चाळिशीत मधुमेह निघाला तेव्हा आत्या दोन दिवस नीट जेवली नाही. आतोबांनी घरी येऊन कोरी वही आखायला घेतली. त्यांच्या लेखी देखरेखीला आणखी एक यंत्र आले होते, इतकेच.

रोज सकाळी ते स्पिरिटचा दिवा पेटवीत आणि काचेच्या नळीत निळे औषध घालून त्यात लघवीचे आठ थेंब मोजून सोडीत. उकळल्यावर रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटकरी झाला तर प्रकरण कठीण. निकाल ते ओसरीवर उभे राहून जाहीर करीत. "आज हिरवा." समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई तेवढ्यावरून मुलांना त्या बाजूला खेळायला सोडायचे की नाही ते ठरवीत. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात असे आणि त्या मडक्याला आत्यानेही हात लावायचा नाही, असा नियम होता. कल्याणला एका लग्नात यजमानांनी जिलबीचा फारच आग्रह धरला, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "आमचे डॉक्टर दादरला असतात. त्यांची परवानगी आणा, मी थांबतो." आणि ते खरोखर थांबले. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, तरी आतोबा पाटावरच.

अशा माणसाचा रंग एका दिवाळीनंतर बिघडला. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा विटकरी, आणि तो विटकरी हटेना. आतोबांनी आधी औषधाच्या बाटलीवर संशय घेतला, मग नळीवर, मग आत्याच्या भातावर. दादरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन दोनदा वाढवले, तरी रंग तोच. अंगावरचे मांस उतरू लागले. भूक इतकी, की मोजून दिलेली भाकरी संपल्यावर ते रिकाम्या ताटाकडे बघत बसत. पण दुसरी मागत नसत. पौषातल्या थंडीत त्यांना पांघरूण सहन होईना. छापल्यासारखे अक्षर असलेल्या वहीत आकडे कापू लागले. सुई आपल्या हाताने टोचता येईना, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आतोबा दंड पुढे करून म्हणत, "बातमी लिहिताना थांबतोस तसा मध्येच थांबू नकोस."

एकदा आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावले.

"अरे, शेजारी बसलं तरी त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येते. विचारलं तर म्हणतात, साखर आहे. हात कापतात, तेही साखर. घाम येतो, तोही साखर. सगळंच कसं साखरेनं होतं रे?"

मी आतोबांना विचारले. "एका यंत्रात बिघाड झाला की सगळे काटे हलतात," ते म्हणाले. "वीजघरात ये, दाखवतो."

त्यांचे सगळे सदरे ढगळ झाले होते, पण गळ्याचे बटण लागत नव्हते. याचा दोष आतोबांनी धोब्याला दिला. तो म्हणे फक्त कॉलर उकळतो. सदरे अंगात आवळून घ्यायला आणि कॉलर सैल करायला ते शिंप्याकडे निघाले, आणि मी सोबत गेलो, कारण एव्हाना त्यांना एकटे सोडायचे नाही असे आत्याने ठरवले होते. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी जुनी मापांची वही काढली, आतोबांच्या अंगाला टेप लावली, आणि गळ्याचे माप दोनदा घेतले.

"छाती दोन इंच कमी, कंबर तीन इंच कमी," मास्तर म्हणाले. "गळा पाऊण इंच जास्त."

"धोबी," आतोबा म्हणाले.

"धोब्यानं कॉलर आटेल, साहेब. मी टेप गळ्याला लावलीय." मास्तरांनी टेप खांद्यावर टाकली. "माणूस वाळतो तेव्हा गळाही वाळतो. सदरा मी नंतर शिवीन. आधी हे कुणाला तरी दाखवा."

आतोबा मास्तरांच्या वहीतल्या गळ्याच्या जुन्या आणि नव्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी स्वतःच्या शरीराचे सर्व काही लिहून ठेवले होते. गळा मोजायला कुणी सांगितले नव्हते.

मुंबईच्या सर्जननी उलगडा केला. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की माणूस वाळतो, छाती धडधडते, हात कापतात, आणि मधुमेह असेल तर साखरही चढते. शिवाय त्या ग्रंथीत एक गाठ होती.

"गळगंड डोंगरातल्या लोकांना होतो," आतोबा म्हणाले. "मी ठाकुर्लीला असतो."

"गाठीला स्टेशन कळत नाही," सर्जन म्हणाले.

काही आठवडे औषधे आणि आयोडिनचे थेंब देऊन धडधड खाली आणली, मग शस्त्रक्रिया झाली. मधुमेहाच्या माणसाची जखम भरेल ना, ही धास्ती होती, ती भरली. पण सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितले, की अशी गाठ त्यांनी आधी एकदाच पाहिली होती. ती तपासायला पाठवली आहे. आठ दिवस लागतील.

त्या आठ दिवसांत आतोबा घरी आले आणि नेमाने दिवा पेटवू लागले, पण निकाल जाहीर करीनासे झाले. आत्या माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नसे. नवव्या दिवशी मी रुग्णालयातून कागद घेऊन आलो. आतोबा ओसरीवर बसले होते.

"मथळा नको," ते म्हणाले. "बातमी सांग."

मी सांगितली. गाठ वाईट जातीची आहे, आणि ती जात फार थोड्या लोकांत आढळते. ती पूर्ण निघाली आहे, कडेला काही उरलेले दिसत नाही. पुन्हा येणारच नाही, असे मात्र डॉक्टर म्हणत नाहीत.

"किती वर्षं, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग बरं झालं," आतोबा म्हणाले. "लिहिलं असतं तर मी पाळलं असतं."

मी हसलो नाही. दाराआड बांगड्या वाजल्या, तेव्हा आत्याने सगळे ऐकले हे आम्हा दोघांना कळले. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली, दोन कप आमच्यापुढे ठेवले आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली. मी एक घोट घेतला. माझ्या चहात साखर नव्हती.

मी आतोबांकडे पाहिले. त्यांनीही पहिला घोट घेतला होता आणि कप ओठांशीच थांबला होता. त्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिले आणि दुसरा घोट घेतला. आत्याला हाक मारून कप बदलून घेणे एका वाक्याचे काम होते. ते वाक्य आतोबा बोलले नाहीत, मीही बोललो नाही. त्यांनी कप सावकाश रिकामा केला. इतकी वर्षे मी त्यांना चहा औषधासारखा घेताना पाहिले होते. पिताना त्या दिवशी पाहिले.