वहिनींचं काकण

वहिनी कामाला निघाल्या की उजव्या हातात मनगटापासून वरपर्यंत हिरवी काकणं, आणि डाव्या हातात एकच. विचारलं तर म्हणायच्या, "उजवा कामाचा हात गो. त्याला जास्ती लागतात." आता तुम्ही म्हणाल, कामाच्या हातात एवढी काकणं कोण भरतं? ऐका तर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघी शेजारणी किन्हवलीहून एसटीने मुरबाडला कारखान्यात जायचो. तिथे आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दारांची यंत्रं बनायची. दारं नव्हेत हो, दाराच्या डोक्यावर बसतं ते यंत्र. लांब पन्हळीत एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला कप्पी आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पट्टा. काच टांगायची चाकांवर, पट्टा तिला ओढून नेतो. मी पट्टे चढवायची. शेवटची तपासणी वहिनींची.

दार मिटताना मध्ये कुणी आलं, तर यंत्राला ते कळून दार मागे फिरलं पाहिजे. साहेब आधी काट्यावर दाब मोजून घ्यायचे. मग वहिनी चौकटीपाशी आपला हात धरायच्या, काकणांसकट. काच टेकून मागे गेली आणि काकणं शाबूत राहिली तर वहिनी म्हणायच्या, "पास!" नाहीतर ओरडायच्या, "काकण वाढलं!" सवाष्णीच्या तोंडी 'फुटलं' कसं येणार? साहेब हसत पेचकस घेऊन यायचे, पण ते यंत्र गाडीत चढू द्यायचे नाहीत.

"लाकडाचा ठोकळा धरा की वहिनी," मी म्हणायची.

"ठोकळ्याला दुखतं का गो? मिटायला काय, कुठलंबी दार मिटतं. मागं फिरायला अक्कल लागते."

त्यांच्या सासूला सगळी आळी 'बाय' म्हणायची. बाई कडक. सुनेची काकणं सारखी कमी होताना बघून विचारायची, "कारखान्यात मारामाऱ्या करतेस का काय?" एका दसऱ्याला यंत्रांच्या पूजेला वहिनींनी तिला आणलं आणि तिचा हात धरून सरळ दारात घातला. बाय किंचाळली. काच टेकली, मागे गेली. बायने हात उलटसुलट करून पाहिला आणि आपणहून पुन्हा घातला. "शानं हाय गो दार," म्हणाली, "माझ्या पोरापरीस शानं!" पोरगा, म्हणजे वहिनींचे मालक, शेजारीच उभे होते. पोट धरून हसले.

तेच पुढच्या पावसात तापाने गेले.

दहाव्याला अंगणात बाया जमल्या. काकणं उतरवायची म्हणून चुलत जावेने दगड घेतला. वहिनींनी उजवा हात पदरात ओढून घेतला. एवढंच म्हणाल्या, "मग मी कामाला कशी जाऊ?" जावेने हात बाहेर ओढला, जोत्यावर टेकवला.

बाय उठली आणि दगड नि काकणं यांच्या मध्ये आपला हात धरला.

"बाजूला हो. ती तिच्या कामाची हायेत."

"अगो बाय, लोकं काय म्हणतील?"

"लोकांचीच पोरं जातील ना त्या दारातनं? मग त्यांचे हात कोण सांभाळंल, तू?"

जावेने दगड खाली ठेवला.

पुढच्या बाजाराला बाय स्वतः सुनेला कासाराकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. कासार घुटमळला, वहिनींच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिला. बाय म्हणाली, "बघतोस काय? भर. आणि पातळ दे, लगेच फुटणारी." त्या तोंडून 'फुटणारी' ऐकून वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग वहिनींनी कितीक वर्षं यंत्रं तपासली. आता बाय नाही, वहिनीही नाहीत. माझे हेही गेले. तेव्हा आळीत कुणी दगड उचलला नाही. माझ्या हातातली काकणं तशीच राहिली.

परवा डोळे दाखवायला कल्याणच्या दवाखान्यात गेले. दार काचेचं, आपोआप सरकणारं. ते मिटायला लागलं तसा मी चौकटीपाशी हात धरला. रखवालदार धावला, "अहो आजी, हात काढा!"

काच काकणांना टेकली आणि मागे गेली.

"पास," मी म्हटलं, आणि आत गेले.