साहेबाच्या वडिलांचा कोट

आखातातल्या अहमदीच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान होतं. आजूबाजूला तेल कंपनीच्या साहेबांचे बंगले, आणि त्यांच्या मडमांचे झगे शिवायला रत्नागिरीहून आलेला मी. बायको आणि मुलगी गावीच. त्यांना इकडे आणायचं तर कंपनीतल्या एखाद्या वजनदार साहेबाची चिठ्ठी लागायची, की हा माणूस सरळ आहे, याला कुटुंबासह राहू द्यावं. मला ती एक चिठ्ठी हवी होती, बाकी काही नाही.

मोठा साहेब कोणता हे मी कपड्यांवरून ओळखायचो. आमच्या कोकणात दुसरं माप कुठे होतं? परदेशातून आलेला माणूस बंदरावर नवाकोरा सूट घालून उतरायचा, भले आत घामाने चिंब का असेना. त्या मापाने पहिला नंबर मीना अल-अहमदी बंदरावरच्या रिफायनरीतल्या एका इंजिनियरचा. कडक इस्त्री, चकचकीत बूट, बायकोच्या अंगावर दर महिन्याला नवा नायलॉन. पँट अर्धा इंच आखूड झाली तर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा.

त्याच्या घरच्या गोवेकर बटलरने मला वेड्यात काढलं. "तो कसला मोठा साहेब? त्याची बायको कपात आधी दूध ओतते, मग चाय. खानदानी घरात उलटं असतं. खानदानी साहेब बघायचा तर टेकाडावरच्या बंगल्यात जा. कॉलर विरलेली, गाडी जुनी, आवाज एकदम हळू. त्याला कोणाला काय दाखवायचंच नाय."

मी ते ऐकलं. पण कानांनी ऐकलेलं हातांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

पुढच्याच महिन्यात टेकाडावरच्या मडमेने बोलावलं. तिच्या हातात साहेबाचा लोकरी कोट. कोपरांवर चामड्याची ठिगळं, चारातलं एक बटण भलतंच, अस्तर लोंबत होतं. अस्तर तेवढं शिवून दे, म्हणाली. मला वाटलं, अल्लाने दार उघडलं.

तीन आठवडे मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. अस्तर बदललं. ठिगळं उसवून फेकली. शिवणीच्या आतून त्याच लोकरीचे धागे काढून कोपरांवर रफू केलं, असं की बोट फिरवलं तरी कळू नये. कॉलर उलटून लावली, पितळी बटणं बसवली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं काम. आजही तसंच म्हणेन.

कोट घेऊन गेलो तेव्हा दोघं व्हरांड्यात चहा घेत होती. मडमेने मला चक्क खुर्ची दिली आणि विचारलं, साखर किती? मी गोंधळलो. असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. घरी बायको न विचारता दोन चमचे घालायची. साहेबाने कोट मांडीवर घेतला. ठिगळं होती त्या जागेवरून हात फिरवला, एकदा, मग परत. तो पूर्वी हिंदुस्थानात राहिलेला. हळूच म्हणाला, "बहुत अच्छा. बहुत मेहरबानी." मी धीर करून चिठ्ठीचं बोललो. "ज़रूर," तो म्हणाला, "देखेंगे." मी तरंगत दुकानात आलो.

आठवड्याने बटलर आला तो कपाळाला हात लावूनच. टेकाडावरच्या नोकरांकडून त्याला कळलं होतं, कोट साहेबाच्या वडिलांचा होता. ठिगळं साहेबाच्या आईने स्वतः शिवलेली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! मी चिंध्यांचं पोतं जमिनीवर रिकामं केलं. ठिगळं सापडली नाहीत.

साहेब ओरडला असता तर मी त्याचे पाय धरले असते. पण तो कधी ओरडलाच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी जायचो, तो उभा राहून दोन शब्द बोलायचा, बायकामुलांची चौकशी करायचा आणि म्हणायचा, "देखेंगे." तो कोट मात्र पुन्हा त्याच्या अंगावर दिसला नाही.

मधे एकदा तो रिफायनरीवाला दुकानात गरजला, "तुझी बायको कुठे आहे? आण कागद, आत्ता सही करतो!" मी काय केलं? म्हटलं, थँक यू सर, मोठ्या साहेबांनी कबूल केलंय. मनात म्हटलं, कपात आधी दूध ओतणाऱ्या घरातली चिठ्ठी, तिला वजन ते काय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो. वर्षभरात त्याची बदली झाली. त्यानंतर टेकाडावरचा साहेब निवृत्त होऊन विलायतेला गेला. जाताना माझ्याशी हात मिळवला. चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

बायकोची पत्रं यायची, कधी बोलावता? मी लिहायचो, बघू, नक्की बघू. ते लिहिताना मला काही वाटायचं नाही. शिंप्याच्या बोटाला सुई टोचते आणि कळत नाही, तसं झालं होतं. पुढे पत्रांतून तो प्रश्न गेला. मुलीचं लग्न झालं, मी इथून कापड पाठवलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

शेवटी मीच गावी गेलो. मनाशी ठरवलं होतं, ती भांडेल, हवं ते बोलेल, मी ऐकून घेईन. तिने नवी चादर अंथरली, प्रवास कसा झाला विचारलं. मग फळीवरून पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढले, चहा ओतला आणि चमचा हातात धरून थांबली.

"साकर किती घालू तुमच्या चायेत?"

मी म्हटलं, दोन.