‘तुमी’चं ‘मी’

दगडोबा गुरुजींची मोबाईलवरची पहिली प्रतिक्रिया कुणालाच आवडली नाही, असं म्हणता येणार नाही. एका माणसाला ती आवडली होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द गुरुजी. प्रतिक्रियेखालचा अंगठा आपला आपल्यालाही दाबता येतो, हा शोध त्यांना त्याच दिवशी लागला. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच पहिलं यायचं, असा तो प्रकार होता, हे आता ते स्वतःच सांगतात आणि सांगताना ऐकणाऱ्याच्या आधी हसतात.

गुरुजी धाराशिवजवळच्या तेर गावचे. घर शेतकऱ्याचं, नाव नवसाचं. तेहतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. निवृत्तीला शाळेनं शाल दिली, नारळ दिला आणि लेकीनं पुण्याहून मोबाईल पाठवला. नारळ फोडून खाल्ला, शाल ट्रंकेत गेली, मोबाईल तेवढा हातातून सुटेना. त्यात ‘तेरणाकाठ’ नावाचं बातम्यांचं एक पान होतं. राजकारणाच्या बातमीवर लिहिलं तर गावात वाकडं यायचं, पिकांच्या बातमीवर लिहिलं तर भाऊबंद म्हणायचे, तुम्ही कधी नांगर धरला? राहिल्या तंत्रज्ञानाच्या बातम्या. त्यातलं गुरुजींना फारसं कळत नव्हतं. पण कळत नाही म्हणून गप्प बसायचं, ही काही शिक्षकाची रीत नव्हे.

तेव्हा ते लिहायचे, “सदर तंत्रज्ञानाचा समाजाने विवेकाने वापर करावा, ही अपेक्षा.” चार महिन्यांत समाजानं या अपेक्षेची कणभर दखल घेतली नाही. एकदा कुणीतरी उत्तर दिलं म्हणून गुरुजींनी लगबगीनं चष्मा पुसला, तर खाली लिहिलं होतं, “काका, ही नोटीस चुकून इथं लागली का?”

घरात मात्र त्यांना एक हक्काचा श्रोता होता. सकाळी तुळजाबाई ओसरीवर तूर निवडत बसायच्या, आणि गुरुजी खुर्चीत बसून मोठ्यानं बातम्या वाचायचे. तुळजाबाई चौथी शिकलेल्या. वाचता येत होतं, पण मोबाईलची अक्षरं त्यांना मुंगीच्या पायांएवढी दिसायची, आणि चष्मा लावायला त्या तयार नव्हत्या. नवऱ्याचा वर्गातला आवाज अजून शाबूत असल्यामुळं अडत काहीच नव्हतं. गुरुजी वाचायचे आणि बाई हातातलं सूप न थांबवता काहीबाही बोलायच्या. लग्न झाल्यापासून हे असंच चालू होतं, म्हणून गुरुजींचं तिकडं कधी लक्षच गेलं नाही. रेडिओ लावून ठेवावा तसा तो आवाज घरात असायचा.

एका सकाळी बातमी होती, चालकाशिवाय चालणाऱ्या मोटारीची. गुरुजींनी ती भक्तिभावानं वाचली.

“आवं, त्यात काय नवल?” तुळजाबाई म्हणाल्या. “चालवणाऱ्याबिगर आपलं घर चाळीस वर्सं चाललंय की. तुमी निस्तं म्होरं बसताव.”

गुरुजींना आधी राग आला. मग हसू आलं. मग, कसं कोण जाणे, अंगठा मोबाईलवर गेला. पण लिहायचं कसं? ‘तुमी’ लिहिलं तर वाचणारा विचारणार, कोण तुम्ही? वाक्यपरिवर्तनाचा प्रश्न त्यांनी जन्मभर मुलांना घातला होता. अर्थ न बदलता वाक्य बदला. त्यांनी ‘तुमी’ खोडलं आणि लिहिलं, “चालकाविना गाडी चालते यात नवल काय? आमचं घर चाळीस वर्षं तसंच चाललं आहे. मी नुसता पुढं बसतो.”

दुपारपर्यंत सहाशे अंगठे आले.

त्यानंतर गुरुजींचं भाग्य उघडलं. माणसाचा चेहरा पाहून मनातलं ओळखणारं यंत्र आलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “तुमाला चाळीस वर्सात माझं तोंड वाचता आलं न्हाय, मशीन काय वाचतंय?” ‘तुमाला’चं ‘मला’ झालं, आठशे अंगठे. पाच मिनिटांत भरणारी बॅटरी आली, तेव्हा बाई म्हणाल्या, “आन तुमी दुपारी दोन तास पडताव, तरी संध्याकाळी जांभया.” हजारावर गेले. प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी ठामपणे सांगून टाकणारं नवं यंत्र आलं, तेव्हा बाईंनी फक्त विचारलं, “म्हंजी मास्तरच व्हय?” त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी ती प्रतिक्रिया एकमेकांना पाठवली आणि हसणारी तोंडं टाकली.

लोक लिहायचे, “गुरुजी, स्वतःवर हसायला मोठं मन लागतं.” कुणी लिहायचं, “अहंकार शून्य!” गुरुजी ते तीन-तीनदा वाचायचे. अहंकार शून्य असल्याचा एवढा अहंकार आजवर कुणाला झाला नसेल. मोंढ्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर लोक हाक मारू लागले. घरात ज्याची फजिती होत होती, तो बाहेर नम्रतेचा पुतळा ठरला, आणि पुतळ्याला हे फार मानवलं. तुळजाबाईंना सांगायला हवं, हे एक-दोनदा मनात आलं. पण सांगितलं तर ती जपून बोलेल आणि जपून बोलली तर गंमत जाईल, असं कारण त्यांनी काढलं. खरं कारण वेगळं होतं, हे ठाऊक असूनही त्यांनी ते काढलं.

मग एका रविवारी लेकीचा, शिवांजलीचा, व्हिडिओ कॉल आला. मोबाईल दुधाच्या बरणीला टेकवलेला, तुळजाबाई भाकरी थापत होत्या, गुरुजी बाजूला.

“अण्णा, तुमची ती मोटारीची कॉमेंट आमच्या ऑफिसात फिरतीय. आई, तू ऐकलीस का? थांब, वाचते.” आणि तिनं वाचली. मग चेहऱ्याची वाचली. मग बॅटरीची.

तुळजाबाईंचा हात परातीत थांबला. भाकरीला एका बाजूनं चीर गेली. त्यांनी ती मोडली, पीठ पुन्हा गोळा केलं आणि म्हणाल्या, “लई चांगलं लिवलंय तुज्या अण्णानं.”

बस, एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. गुरुजींनी दोन दिवस वादळाची वाट पाहिली. वादळ आलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर बातमी वाचली. घरातलं दूध संपलं की आपणहून सांगणारा फ्रिज निघाला होता. असली बातमी म्हणजे बाईंना पाटावर वाढलेलं ताट. गुरुजी थांबले. सुपात तूर खळखळली.

“असंल,” तुळजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही “असंल.” आठवडाभर “असंल.” जेवायला या, चहा झालाय, गॅस संपत आलाय, एवढं बोलणं चालू होतं. बाकी सगळं बंद. गुरुजींच्या ध्यानात आलं, की घरात फार शांतता आहे. सूप वाजलेलं ऐकू येतं, शेजारच्यांची म्हैस ऐकू येते. मोठ्या आवाजात वाचताना त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि तो ऐकवत नसे. चाळीस वर्षं ज्याकडं कान दिला नव्हता, त्यासाठी आता माणूस कान टवकारून बसला होता.

त्यातच ‘तेरणाकाठ’च्या संपादक निवेदिताबाईंचा फोन आला. धाराशिवला रविवारी दुपारी वाचकांचा मेळावा आहे, सत्कार आहे, सपत्नीक या. आणि स्टेजवर एक ताजी बातमी देऊ, त्यावर तुम्ही जागच्या जागी प्रतिक्रिया द्यायची.

गुरुजी हो म्हणून बसले. जागच्या जागी त्यांना आजवर एकच गोष्ट सुचली होती, आणि ती म्हणजे ‘सदर’. चार दिवस वही घेऊन ते विनोद करायला बसले. शेवटी लाज सोडून मोबाईलमधल्या बोलत्या यंत्रालाच त्यांनी विनंती केली, की दगडोबा नावाच्या माणसावर पाच विनोद दे. यंत्रानं लिहिलं, “अवश्य! दगड हा निसर्गाचा एक महत्त्वाचा घटक आहे.” गुरुजींना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. ते अगदी त्यांच्यासारखं लिहीत होतं.

“तू येणार ना?” त्यांनी बाईंना विचारलं.

“पत्रिकेत माझं बी नाव हाय म्हनं,” तुळजाबाई म्हणाल्या. “सपत्नीक.”

रविवारी हॉल भरलेला होता. शाल झाली, नारळ झाला. तुळजाबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. निवेदिताबाईंनी माईकवर बातमी वाचली. “माणसांनी लिहिलेलं, बोललेलं, त्यांना न विचारता उचलायचं आणि आपलं म्हणून पुढं करायचं, असं ही नवी यंत्रं करतात, अशी लेखकांची तक्रार आहे. गुरुजी, यावर?”

गुरुजी उठले. माईकपाशी गेले. समोर दोनशे माणसं हसायला तयार होऊन बसली होती. त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. तुळजाबाई त्यांच्याकडंच बघत होत्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा गुरुजींना ते तोंड वाचता आलं. त्यावर राग नव्हता. त्या वाट बघत होत्या, इतकंच.

“ते यंत्र मीच आहे,” गुरुजी म्हणाले.

हॉल खदखदून हसला.

“हसू नका. मी खरं सांगतोय. माझं एकही वाक्य माझं नाही. ही समोर बसलीय, ही बोलते. मी फक्त ‘तुमी’ खोडतो आणि ‘मी’ लिहितो. ती मला हसत होती, आणि तुम्ही समजलात, मी स्वतःला हसतोय. स्वतःला हसण्याएवढी अक्कल माझ्यात नाही हो!”

लोकांनी बाकं बडवली. मागं कुणीतरी शिट्टी मारली. गुरुजींनी घाम पुसला, शाल काढून हातात घेतली आणि विनवून सांगितलं, की हा विनोद नाही, ही चोरी आहे. तेव्हा तर टाळ्या थांबेनात. निवेदिताबाई डोळे पुसत माईकवर आल्या आणि म्हणाल्या, “यालाच म्हणतात विनम्रता!” गुरुजी खाली उतरले. जन्मात एकदा अंतःकरणापासून बोललेलं वाक्य दोनशे लोकांतल्या एकालाही खरं वाटलं नव्हतं.

तेरच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. खिशात मोबाईल थरथरत होता. कबुलीजबाबाची चित्रफीत ‘तेरणाकाठ’वर चढली होती.

“काय म्हनत्यात?” तुळजाबाईंनी विचारलं.

“हसतायत. आजवरची सगळ्यात भारी, म्हणतायत.”

“कुनालाच पटलं न्हाय बघा.”

“तुला?”

खिडकीबाहेर उसाचा एक ट्रॅक्टर मागं पडला.

“मला ते नावबिव काय नगं,” त्या म्हणाल्या. “स्टेजवर बोलायचं बी नगं. म्या तुमाला बोलत व्हते. घरात दुसरं व्हतं कोन बोलायला? तुमी ऐकताव का न्हाय, ते बी म्हाईत नव्हतं. तरी बोलत व्हते. आन तुमी ऐकलं, ते गावाला वाटायला.”

‘क्षमस्व’ हा शब्द गुरुजींनी हजारो अर्जांत तपासला होता, आता तो सापडेना.

“चुकलं माझं,” एवढंच ते म्हणाले. “तू बोल. फक्त ‘असंल’ म्हणू नकोस. काय वाट्टेल ते बोल मला.”

तुळजाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. घामानं डवरलेलं कपाळ, मांडीवर चुरगळलेली शाल, कडेवर घेतल्यासारखा धरलेला नारळ. मग त्या वाकल्या आणि त्यांच्या कानाशी एक वाक्य बोलल्या.

गुरुजी इतक्या जोरात हसले, की पुढच्या बाकावरचा माणूस दचकून जागा झाला आणि कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. खिशातला मोबाईल पुन्हा थरथरला. त्यांनी तो बंद केला.

ही सगळी फजिती गुरुजी ज्याला भेटेल त्याला तिखटमीठ लावून सांगतात. आम्हालाही सांगितली. पण एसटीत बाई काय म्हणाल्या, ते विचारलं की गप्प बसतात. खूप आग्रह केला तेव्हा म्हणाले, “ते मला बोलली ती.”