न वाचता केलेली सही

वर्षालीचं वाटोळं मी केलं. उगाच आडपडदा कशाला? चाकणच्या आमच्या बोल्टच्या कारखान्यात मी तपासणी लॅबचा प्रमुख, आणि ती माझ्या हाताखालची इंजिनिअर. मूळची लातूरकडची पोरगी, पुनावळ्यात आईला घेऊन भाड्यानं राहते.

तिला पीएचडी करायची होती, तीही पगारी. पदरमोड करून शिकणं परवडणारं नव्हतं, म्हणून परदेशात जिथे संशोधकाला पगार देतात अशा जागा ती शोधायची. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर जाहिराती वाचायची, प्रत्येक प्राध्यापकाचं काम वाचून त्याला वेगळं पत्र लिहायची. तीन वर्षं हे चाललं. बहुतेक जण उत्तरच देत नसत. मी चिडवायचो, "काय वर्षाली, आज कुठल्या देशानं नाही म्हटलं?" बिचारी हसायची.

मग नॉर्वेतल्या एका विद्यापीठानं मुलाखत घेतली. पोलाद तडकतं कसं, या विषयावर चार वर्षांची पगारी जागा. शेवटच्या दोघांत ही होती. आता फक्त साहेबाचं शिफारसपत्र हवं होतं.

"तूच लिही गं, मी सही ठोकतो," मी म्हणालो. आपल्याकडे असंच चालतं. माझंही मीच लिहिलं होतं.

"सर, एकदा वाचा तरी."

ऑडिटची गडबड होती. मी न वाचताच सही केली आणि पत्र पाठवून दिलं.

आठवड्यानं तिकडच्या प्राध्यापक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी टाय लावून बसलो. बाईंनी विचारलं, "तुमचे बोल्ट तुटत होते, त्याचं कारण कोणी शोधलं?"

खरं सांगतो. गिऱ्हाइकाकडून ट्रकभर बोल्ट परत आले होते. मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि त्यानं ते तडकतात, हे वर्षालीनं एकटीनं शोधलं, दोन महिने मायक्रोस्कोपला डोळा लावून. पण आमच्याकडे रिपोर्ट प्रमुखाच्याच नावानं जातो. मालकापुढे, ऑडिटरपुढे मी ते इतक्यांदा मिरवलं होतं, की जीभ आपोआप वळली.

"मीच शोधलं. चाचण्या माझ्या मार्गदर्शनाखाली पोरांनी केल्या."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, साहेब भारी म्हटल्यावर त्याची माणसंही भारीच ठरणार! कसला गाढव मी.

चार दिवसांनी नकार आला. अर्जातला दावा आणि वरिष्ठांचं म्हणणं जुळत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. वर्षाली लॅबमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

मी सांगितलं. तिनं पत्राची प्रत काढून एका ओळीवर बोट ठेवलं. 'हे संशोधन सर्वस्वी वर्षालीचं आहे.' खाली माझी सही.

लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी बाईंना कबुली लिहून पाठवली. उत्तर सभ्य होतं. जागा भरली होती, आणि माझ्या दोन जबाबांपैकी खरा कुठला हे ठरवणं त्यांना शक्य नव्हतं.

ते मी वर्षालीला वाचून दाखवलं. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"पुढच्या अर्जात साहेब म्हणून कोणाचं नाव देऊ, सर? मी नोकरी ही एकच केलीय."

त्यानंतर तिनं कुठेही अर्ज केलेला नाही.