बाबांनी बाहेर दिलेला बॉल

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम हरण्यात पटाईत आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण तक्रारही नाही. पाच वर्षांपूर्वी मास्टर्स करायला आयर्लंडमधल्या ॲथलोनला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट दिला आणि तिकडे नेऊन ठेव म्हणालं. मी नेऊन ठेवला. तेव्हापासून मी टीमचा आहे. मास्टर्स संपलं, गावातच एका टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली. डब्लिनला गेलेले मित्र ‘इकडे ये, इथे आपली माणसं आहेत, गणपती असतो’ असं सांगून सांगून थकले. शनिवारी मॅच असते म्हटलं की विचारायचे, ‘जिंकता का कधी?’ मी म्हणायचो, प्रश्न तो नाही.

प्रश्न असा होता की ते वीस-पंचवीस जण वजा केले, तर या देशात माझ्याकडे एक भाड्याचं घर आणि एक कुकर उरत होता.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. हा इथला गेलिक फुटबॉल. यात बॉल हातात घेऊन पळता येतं आणि गोलच्या दोन्ही बाजूंचे खांब वर आभाळात गेलेले असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर तीन पॉइंट, दांडीवरून पण खांबांच्या मधून गेला तर एक, खांबाच्या बाहेरून गेला तर भोपळा. प्रत्येक खांबाशी पांढरा कोट घातलेला एक अंपायर असतो. बॉल वरून आत गेला की तो पांढरं निशाण हलवतो, बाहेर गेला की दोन्ही हात वर करतो. एवढं कळलं की पुरे. मला स्वतःला याच्यापुढे फारसं कळत नाही.

गेल्या वर्षी बाबा अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली. बाबा चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. कोणाचं शेत कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे सांगायचं आणि दोघांच्या शिव्या खायच्या, ही त्यांची नोकरी. एकदा माझ्या सख्ख्या मामाच्या शेताची मोजणी त्यांच्याकडे आली. मामाचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्याच्या शेतात दीड हात शिरलेला निघाला. बाबांनी तसंच लिहिलं. मामा सात वर्षं आमच्या घरी आला नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. आईला वाटलं, पण तिला कोणी विचारलं नाही.

त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली. कुठलीही गोष्ट सरळ रेषेत आहे का हे बघायचं झालं की ते डावा डोळा मिटतात. भिंतीवरची फ्रेम असो, दुकानासमोरची रांग असो, माझा भांग असो. मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

नोव्हेंबरात आमची टीम चुकून फायनलला पोचली. कशी, ते टीमलाही सांगता आलं नसतं. प्रत्येक टीमने आपापले अंपायर आणायचे असतात. आमचे मॅनेजर म्हणजे साठीतले, शेतकी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा भाऊ अंपायर म्हणून येणार होता. ऐनवेळी त्याची गाय विताना अडली. मॅनेजर माझ्याकडे आले. माझ्याशेजारी बाबा मफलर गुंडाळून उभे होते.

‘तुझ्या वडिलांना खेळ कळतो का?’

‘अजिबात नाही.’

‘ग्रँड. चालेल. रेफरीलाही कळत नाही.’

असा बाबांना पांढरा कोट मिळाला. मी पाच मिनिटांत नियम समजावले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, मग खांबापाशी जाऊन डावा डोळा मिटून वर बघितलं आणि मला बोलावलं.

‘हा खांब दोन बोटं कलला हाये. सांग त्याईले.’

‘बाबा, राहू द्या.’

‘राहू काय द्या? फायनल हाये म्हनतं ना?’

मी कोणाला काही सांगितलं नाही. माझं काम गोलच्या मागे उभं राहून बॉल उचलायचं. बाबा उजव्या खांबाशी, मी त्यांच्या बरोबर मागे. दुसऱ्या खांबाशी समोरच्या कॉलेजचा एक लेक्चरर होता. मॅच एक तासाची. बाबा तो तासभर कोणाशी बोलले नाहीत, त्यांनी चहा नाकारला, निशाण असं हलवलं की जणू तहसील कचेरीवर झेंडावंदन चाललंय.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने मागे होतो. आमच्या एका पोराने लांबून बॉल मारला. शेजारच्या रॉसकॉमन जिल्ह्यातला पोरगा, फिजिओथेरपी शिकणारा, टीममधला एकुलता एक खरा खेळाडू. बॉल उजव्या खांबाच्या टोकावरून गेला. आत की बाहेर, हे फक्त खांबाखालच्यांनाच दिसण्यासारखं होतं. लेक्चररच्या डोळ्यांवर खाली आलेला सूर्य होता. त्याने बाबांकडे बघितलं. रेफरीने बाबांकडे बघितलं. मैदानावरच्या सगळ्या माणसांनी बाबांकडे बघितलं, आणि बाबांचा डावा डोळा मिटलेला होता.

त्यांनी दोन्ही हात वर केले.

शिट्टी वाजली. आम्ही हरलो. पुढची दोन मिनिटं मी कॉलेजमध्ये शिकलो नव्हतो असे शब्द ऐकले. कॅप्टन ओरडत होता, ‘त्या माणसाचा एक डोळा बंद होता! अरे, एक डोळा बंद होता त्याचा!’ दहाबारा जण माझ्याभोवती जमले. बाबा खांबाशीच उभे होते, निशाण नीट गुंडाळत.

मला उत्तर माहीत होतं. हा माणूस चौतीस वर्षं एक डोळा मिटून जमिनी मोजत आलाय आणि त्याच्याइतकी सरळ रेषा तुमच्यातल्या कोणाला दिसणार नाही, एवढं बोलायचं होतं. शिवाय बॉल मीही बघितला होता. मी त्यांच्या पाठीमागे होतो. चांगला वीतभर बाहेरून गेला होता.

मी म्हणालो, ‘त्यांना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन व्हायचंय.’

तोंडातून निघून गेलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मी विचार करून बोललो. हे लोक मला आता बोलावणार नाहीत, ही भीती होती. आणि उपाय लागू पडला. सगळे एकदम गार झाले. कॅप्टन सॉरी म्हणाला. एकाने बाबांना चहा नेऊन दिला आणि कप त्यांच्या हातात सांभाळून ठेवला, आंधळ्या माणसाच्या ठेवतात तसा. बाबांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

गाडीत त्यांनी विचारलं, ‘कॅटरॅक्ट कोणाले हाये?’

बाबांचं इंग्रजी बेताचं आहे, पण त्यांच्या वयाच्या माणसाला हा शब्द येतोच.

‘बाबा, या वयात असतं थोडंफार सगळ्यांनाच.’

‘तुले कसा दिसला थो बॉल?’

इथे खरं बोलायची दुसरी संधी होती. पण पहिलं खोटं उभं ठेवायला दुसरं लागतं.

‘मला तर आत दिसला,’ मी म्हणालो.

बाबा बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मेंढ्या होत्या. मग म्हणाले, ‘हो का? मंग माह्या डोळ्याचंच काही असन.’

आता माझ्या निष्ठेबद्दल. मंगळवारी सराव होता. कॅप्टनने टीम सोडल्याचं जाहीर केलं होतं, दोघं रग्बीकडे वळले होते, बाकीच्यांना अचानक अभ्यास आठवला होता. पावसात सहा जण आले. सातवा मी. मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हरल्यावर येतो तो आपला.’ माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी स्वतःवर जाम खूश होतो. गुरुवारीही गेलो. जर्सी धुवायला घरी आणल्या. हरलेल्या टीमला धरून राहणारा माणूस म्हणून मी डब्लिनच्या मित्रांना फोनवर लेक्चरही दिलं.

इकडे घरात बाबा डोळे तपासत होते. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहायचे, तळहाताने एक डोळा झाकायचे आणि समोरच्या घराच्या कचऱ्याच्या डब्यावरचा नंबर वाचायचे. मग दुसरा डोळा. मग पहिला पुन्हा. रोज शॅनन नदीच्या पुलापर्यंत एकटे फिरायला जायचे, ते बंद केलं. मी म्हटलं, का हो? म्हणाले, ‘रस्ता वलांडाचा असते. दिसलं नाई तर?’ पेपर हातभर लांब धरून बघायचे आणि घडी करून ठेवून द्यायचे. रात्री फोनवर आईला त्या बॉलचं आणि डोळ्यांचं सांगायचे. एक दिवस म्हणाले, ‘डॉक्टरले दाखवून दे बाप्पा एकदा. आणि एक इच्यारू? नोकरीत असतानीच दिसनं कमी झालं असन का? मी कोनाकोनाच्या जमिनी मोजल्या.’

मी म्हटलं, काहीतरीच काय बाबा. आणि चष्म्याच्या दुकानात सोमवारची वेळ घेतली. स्वतः फोन करून. बघा म्हणजे.

फायनलनंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी, शेजारच्या गावाशी सरावाची मॅच होती. मी नेहमीप्रमाणे क्रेट घेऊन हजर. अंपायर नेहमीप्रमाणे एक कमी. मॅनेजर पांढरा कोट हातात घेऊन आले.

‘वडील कुठायत?’

‘घरी. त्यांचे डोळे…’

‘काय झालंय त्यांच्या डोळ्यांना?’ हे त्या रॉसकॉमनच्या पोराने विचारलं. तो खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. फायनलनंतर तो आजच येत होता, मधे घरी गेला होता.

‘मोतीबिंदू.’

‘त्यांना? अरे, बॉल बाहेरच होता. पायातून सुटला तेव्हाच मला कळलं. मी तर त्यांचे आभार मानणार होतो, तो पॉइंट मिळाला असता तर मला जन्मभर लाज वाटली असती.’ मग त्याने मान वर केली. ‘तू तर मागेच होतास ना? बॉल तूच उचललास.’

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो सरळ पोरगा आहे, त्याने सरळ विचारलं. मी बाटल्या मोजायला लागलो. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘मी आपला मेणबत्ती लावून आलो चर्चमध्ये, त्या माणसाच्या डोळ्यांसाठी.’

कोट त्यांच्या हातातच होता. क्षणभर मला वाटलं, आता मला देतील. त्यांनी तो आमच्या बसच्या ड्रायव्हरला दिला.

मला कोणी जा म्हटलं नाही. मी आपण होऊन निघालो. इतक्या वर्षांत मॅच सोडून मी पहिल्यांदा घरी गेलो.

बाबा खिडकीशी होते. उजव्या डोळ्यावर तळहात.

‘बाबा, तो बॉल बाहेर होता.’

‘कोन म्हन्ते?’

‘मी म्हणतो. मी बघितला होता. तेव्हाच. त्या लोकांना मी मोतीबिंदूचं खोटं सांगितलं आणि गाडीत तुमच्याशी खोटं बोललो. मला भीती वाटली ते मला काढून टाकतील. दुसरं कोणी नाहीये हो मला इथे.’

बाबांनी हात खाली घेतला. ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘म्हंजे डोळे बरे हायेत माहे?’

‘हो.’

‘पक्कं?’

‘पक्कं, बाबा.’

‘मंग सोमवारचं रद्द करून टाक.’ एवढं बोलून ते खुर्चीत बसले. मग फोन काढला आणि स्पीकर चालू करून आईला लावला.

‘अवं, आयकतं का? माहे डोळे चांगले हायेत. थो बॉल बाहेरच होता. पोरानंही पाह्यला होता.’

तिकडे बहिणीचं बाळ रडत होतं. आईने त्याला आधी शांत केलं. मग तिने विचारलं, ‘त्यानं कवा सांगतलं?’

‘आज,’ बाबा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.