हात लागलेला घोडा

कुरवंड्याहून सुमनच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी सोमाटण्याला भाजी घेत होते. “ताई, सुमन गेली,” एवढंच तो म्हणाला. दुखणं सरणारं नाही हे ठाऊक होतं, तरी मी कितीतरी वेळ हातातली मेथी धरून उभी होते...

आमची ओळख बुद्धिबळाच्या पटावरची. लोणावळ्यातल्या एका शाळेत मुलींची जिल्हा स्पर्धा होती. दोघी बारा वर्षांच्या, शेवटचा डाव आमच्यात, आणि जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार. मी तळेगावची, रीतसर शिकवणी लावलेली. ती शेतकऱ्याची पोर, चुलत्याकडून शिकलेली, माझ्याहून सरस. ऐन भरात मी घोड्यावर बोटं टेकवली आणि तो हलला की माझा वजीर जातोय हे दिसलं. सोंगटीला हात लागला की तीच चालावी लागते. पण पंच लांब होते आणि सुमन मान खाली घालून कागदावर मागची चाल लिहीत होती. मी बोटं काढली, उंट चालवला, जिंकले. तिने हात मिळवला आणि डब्यातली भाकरी माझ्यापुढे केली. राज्य स्पर्धेत मी पहिल्याच दिवशी आपटले. सुमनला मात्र घरच्यांनी पुन्हा पाठवलं नाही.

पुढे लग्नानंतर ती दर रविवारी पडवीत गावातल्या मुलींना शिकवायची. चुकलं तर हसायची, पण हात लागलेली सोंगटी कुणाला सोडू द्यायची नाही. मी तिथे असले की मला खाली बघावंसं वाटायचं.

गेल्या महिन्यात तिच्या उशाशी बसून मी एकदाचं सांगून टाकलं. ती छताकडे बघत म्हणाली, “म्या बघितलं व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“सांगायचं तुज्याकडं व्हतं. म्या वाट बघितली... लय वरसं लावलीस.” तिने माझा हात धरला. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्याला तिच्या नवऱ्याने मला एक पिवळा पडलेला कागद दिला. त्या डावाच्या चाली, तिच्या अक्षरात. घरी येऊन मी पट मांडला, तिथवर आले आणि या वेळी घोडाच चालवला. तिच्या बाजूनेही मलाच खेळावं लागलं. पुढच्याच चालीला वजीर गेला. मी हार मानून राजा आडवा केला. पट अजून तसाच मांडलेला आहे.