शनिवारचा रिपोर्ट

ताई गेल्याचा भाऊजींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत होतो. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटणारे म्हणतात, अपघाताचं निमित्त झालं. नाही. अपघातातून माझी बहीण वाचली होती. तिला मारलं ते आयसीयूतल्या जंतूने, आणि त्या जंतूला मोकळं रान देणाऱ्या आपण सगळ्यांनी. हे शांतपणे लिहायचं ठरवलं होतं... जमत नाही.

सुषमाताईने अमरावतीच्या एका मोठ्या खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. रुग्णाच्या कफातले, रक्तातले जंतू काचेच्या थाळीत वाढवायचे आणि त्यांना कोणतं औषध मारतं ते शोधायचं, हे तिचं काम. आधी साधी औषधंही चालायची, म्हणायची. अलीकडे आयसीयूतून आलेल्या थाळीवर काहीच चालत नाही, असं वारंवार होऊ लागलं होतं. एकदा सर्दी झाली म्हणून मी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय भारी गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं तशा उरलेल्या फेकल्या. तिला ते कळलं.

"सर्दीले या गोळ्या कोनं सांगतल्या तुले?"

"मेडिकलवाल्यानं."

"तुमीच शिकवून राहिले जंतूले. ते शिकते, अन् मंग आमच्यापाशी औषध उरत नाही."

मी हसलो होतो.

परतवाड्याहून स्कूटरवर येताना तिला जीपने उडवलं. बरगड्या मोडल्या, श्वास घेता येईना. तिच्याच दवाखान्यात तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. पाचव्या दिवशी ती पूर्ण शुद्धीत होती. दोन दिवसांत नळी काढू, असं डॉक्टर म्हणाले. घशात नळी असल्याने ती कागदावर लिहायची. त्या दिवशी तिने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'हातमोजे'. मला कळेना. तिने बोट दाखवलं. शेजारच्या रुग्णाच्या नळीतला कफ काढणारा कर्मचारी तेच हातमोजे घालून तिच्याकडे येत होता. मला समजलं, आणि मी गप्प बसलो. एवढ्या मोठ्या दवाखान्यात आपण काय बोलायचं... हा माझा विचार. याची लाज आता जन्मभर पुरेल.

दोन दिवसांनी तिला ताप भरला. तिने लिहिलं, 'कल्चर पाठवलं?' कफाचा नमुना लॅबमध्ये पाठवला होता, गुरुवारी. रिपोर्ट शनिवारी दुपारी आला. चालू असलेल्या औषधाला जंतू दाद देत नव्हता; एकच औषध लागू पडण्यासारखं होतं. शनिवार गेला, रविवार गेला, जुनंच औषध चालू राहिलं. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि औषध बदललं, तोवर किडन्या बसल्या होत्या. बुधवारी ती गेली.

"जंतू फार रेझिस्टंट होता," डॉक्टर म्हणाले.

"अन् शनिवारचा रिपोर्ट?" मी विचारलं.

ते मोबाईल पाहू लागले. त्या जंतूपुढे औषध कदाचित शनिवारीही हरलं असतं. पण ते दोन दिवस माझ्या बहिणीचे होते, आणि ते कुणीतरी टेबलावर पडू दिले.

तेरवीनंतर तिचा चष्मा नि डबा आणायला मी लॅबमध्ये गेलो. तिची सहकारी रेहाना हिने तिचा खण उघडून दिला. त्यात एक जाड वही होती. असा वाईट रिपोर्ट निघाला, की ताई त्यात खाट क्रमांक, वेळ आणि कोणाला कळवलं ते लिहायची. पानापानावर तेच, 'फोन उचलला नाही. वर जाऊन सांगितलं.' लॅब तळघरात, आयसीयू तिसऱ्या मजल्यावर, आणि ताईचे गुडघे दुखायचे.

शेवटची ओळ रेहानाच्या अक्षरात होती. 'खाट सात. सुषमा मॅडम. शनिवार, तीन वाजता. फोन केला. पाहतो म्हणाले.'

"भाऊ, मी वर जायले पाहिजे होतं," ती म्हणाली. "मॅडम असत्या तर जिना चढून गेल्या असत्या."

मी वही पिशवीत टाकायला घेतली, तर तिने ती हलकेच काढून घेतली.

"हे इथंच राहू द्या. आता वर मी जाईन."